पडवीतली टर्की

आर्डिसने ट्रे किंचित कलता केला, तसा फॉइलखालचा रस एका कडेला वाहिला. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेल्या टर्कीचा रस असा वाहत नाही. तो गोठतो, ट्रे हलवला तर नुसता थरथरतो. तिने फॉइल उचलून मांसाला बोट लावलं. गरम नव्हतं, पण गारही नव्हतं.

दोन्ही ट्रे तिला मागच्या पडवीत सापडले होते. काल तिने टर्की भाजली, हाडांवरून मांस सोडवलं, उथळ ट्रेंमध्ये काप पसरले आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवले. आज थोडा रस घालून, झाकून, पुरतं गरम करायचं एवढंच काम उरणार होतं. एरवी अख्खी टर्की टेबलावर यायची आणि तिचा नवरा लेलँड उभा राहून ती कापायचा. गेल्या थँक्सगिव्हिंगला तो सुरी धरून नुसताच उभा राहिला. पुढे काय करायचं, हे त्याला आठवेना. ‘मनगट दुखतंय त्याचं,’ असं म्हणून आर्डिसने सुरी स्वतःकडे घेतली होती. यंदा सुरी टेबलावर येऊच नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

या भागात नोव्हेंबरमध्ये फ्रीज भरला की पडवीच फ्रीज होते. दूध, बिअर, उरलंसुरलं सगळं बाहेर. पण यंदा थंडी आलीच नव्हती. पडवीच्या काचेवर एक माशी फिरत होती.

“अगं आई, नीट उकळून घे की,” ट्रे रात्रभर पडवीत राहिल्याचं ऐकून जोलीन कोट काढत म्हणाली. तिला सातवा महिना होता. “जंतू मरतात ना उकळल्यावर?”

“जंतू मरतात. रात्रभरात त्यांनी जे विष करून ठेवलं असेल, ते जाईलच असं नाही. कुणीच खायचं नाही हे. तू तर मुळीच नाही.”

“मग अशा हवेत पडवीत ठेवलीसच कशाला?” जोलीन हसली. “मध्ये चाव्या फ्रीजमध्ये, मग शेगडी रात्रभर चालू, आता ही टर्की! म्हातारी झालीस हं तू.”

चाव्या आर्डिसने ठेवल्या नव्हत्या. शेगडीही तिने चालू सोडली नव्हती. दोन्ही वेळा ‘मीच विसरले’ असं मात्र तिने सांगितलं होतं.

“मी ठेवली बाहेर,” टेबलापाशी बसलेला लेलँड म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घालून तो काटे-चमचे पुसत होता. आवाजात काम केल्याचं समाधान होतं. “जागा करायला नको? माझी आई बटाट्याच्या पोळ्या घेऊन येतेय.”

जोलीनचं हसू विरलं. आजीला जाऊन वीस वर्षं झाली होती.

“बाबा गंमत करताहेत ना, आई?”

‘हो, करतोय’ हे शब्द आर्डिसच्या ओठांवर आलेच होते. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमातून पुन्हा फोन आला होता. खोली किती दिवस अडवून ठेवायची, असं तिथल्या बाई विचारत होत्या. सण झाला की कळवते, असं तिने ईस्टरला सांगितलं, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला सांगितलं, आणि परवाही तेच सांगितलं.

तिने जोलीनच्या पोटाकडे पाहिलं. मग मोठी पिशवी उघडली आणि दोन्ही ट्रे तिच्यात उपडे केले.

“अगं, चांगली टर्की टाकतेस?” लेलँड अर्धवट उठला. “डोकंबिकं फिरलं की काय तुझं!”

“नाही, जोलीन. गंमत नाही करत,” आर्डिस म्हणाली. “चाव्याही त्यानेच ठेवल्या, शेगडीही त्यानेच चालू सोडली.”

तिने हात धुतले, पुसले. खुर्ची ओढून ती लेलँडसमोर बसली आणि त्याच्या हातातला काटा हलकेच काढून घेतला. हे त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

“लेलँड, माझ्याकडे बघ. तळ्याकाठी तुझ्यासाठी एक खोली बघितलीय. सोमवारी मी तुला तिथं राहायला घेऊन जाणार आहे.”