मंजूर टेकडी

आमच्या विभागात चंद्राचा फोटो पडद्यावर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "उजेड कुठून?" दवाखान्यात पेशंट आला की आधी ताप बघतात, तसं.

कारण साधं आहे. उजेड वरूनच येतो, हे माणसाच्या मेंदूने लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं. फोटोत तो खालून येत असला, तर मेंदू स्वतःची चूक मान्य करत नाही. तो खड्ड्याची टेकडी करतो आणि टेकडीचा खड्डा. असं करणारे वरिष्ठही आम्ही पाहिले आहेत, पण त्यांना फिरवून ठेवता येत नाही. फोटो येतो. म्हणून तो आधी फिरवायचा, उजेडाची बाजू वर आणायची आणि मगच मत द्यायचं, हा आमचा नियम.

हा नियम सगळ्यात कडक पाळायच्या त्या खड्डेबाई. हे नाव ऑफिसने दिलेलं. आमचं यान चंद्राभोवती फिरत फोटो पाठवतं आणि बाई त्यातल्या सावल्या मोजून खड्ड्यांची खोली काढतात. त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी एकदा निरोप पाठवला होता, की बाई चंद्रापर्यंत पोचल्याच आहेत तर जाता जाता चौकातलाही एक मोजून घ्यावा.

अशा हजारो खड्ड्यांतून बाईंनी एक निवडला होता. चंद्राच्या कडेशी, बशीसारखा रुंद आणि उथळ. तळ सपाट, आणि एका बाजूचा काठ ढासळून आतले दगडाचे थर उघडे पडलेले. पुढचं यान तिथे उतरवलं, तर ते थर हात लांबवून तपासता येतील असा बाईंचा प्रस्ताव होता. त्यांनी त्यावर इतकी वर्षं घालवली होती, की त्यांच्या आई फोनवर विचारायच्या, "काय म्हणतोय तुझा खड्डा?" जावयाची चौकशी करावी तशा.

प्रस्ताव शेवटच्या समितीपुढे गेला आणि नेमकं त्याच वेळी प्रसिद्धी विभागाला सभागृहाची भिंत रिकामी दिसली.

त्यांनी तिथे बाईंच्या खड्ड्याचा भिंतभर फोटो लावला. फोटोचा खालचा भाग उजळ होता, त्यावर शीर्षकाची पांढरी अक्षरं उठून दिसेनात. प्रसिद्धीप्रमुखांनी मार्ग काढला. फोटो उलटा केला. आता खाली अंधार आला आणि अक्षरं झकास दिसू लागली. अध्यक्षांनी (संस्थेचे तेच, समितीचेही तेच) नमुन्यावर सही केली, चौकट भिंतीत स्क्रूने पक्की झाली, फीत कापली गेली. आमच्या विभागाला निमंत्रण नव्हतं, कारण फोटो आमचा होता.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, की आपण टेकडीवर उतरणार आहोत का?

बाईंनी वळून पाहिलं. भिंतीवर छान गुबगुबीत टेकडी होती. पाव फुगावा तशी.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं, उजेडाची दिशा, सावल्या, मेंदूचा हट्ट. समितीने माना डोलावल्या. पटलं, सगळे म्हणाले. पण दिसतेय टेकडीच. बाईंनी लॅपटॉपवर तोच फोटो फिरवून दाखवला, तर क्षणात खड्डा झाला. त्यावर प्रसिद्धीप्रमुखांनी नम्रपणे निदर्शनास आणलं, की बाईंनी फिरवल्यावरच जर खड्डा होत असेल तर तो बाईंनी केलेला खड्डा झाला. कॉम्प्युटरवर आजकाल काय होत नाही? मंजूर झालेला फोटो भिंतीवर आहे.

अध्यक्ष मनाने वाईट नव्हते. तरुणपणी इंजिनं बनवलेला माणूस. कितीतरी लोकांनी घाम गाळून बांधलेलं यान आपल्या सहीने कुठेतरी आदळेल, या विचाराने त्यांची झोप उडायची. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मला तुमचं पटलंय हो. पण पटलेल्यावर सही करताना हात थरथरतो. दिसलेल्यावर नाही थरथरत."

उद्याच्या बैठकीत निर्णय होणार होता. खड्डा नाही, तर मग पर्यायी जागा, म्हणजे एक सपाट माळ. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे चुकण्यासारखंही काही नव्हतं. ती जागा बऱ्याच जणांना मनापासून आवडली होती.

बाईंनी चौकट उलटी लावता येईल का, हे देखभाल विभागाला विचारलं. उद्घाटन झालेल्या वस्तूला हात लावण्याची त्यांची पद्धत नव्हती. सगळ्यांनी ओणवं होऊन पायांमधून भिंतीकडे पाहावं, लहान मुलं बघतात तसं, असंही बाईंनी सुचवून बघितलं. समितीच्या कमरा लक्षात घेता ते बारगळलं.

त्या संध्याकाळी बाई आईवडिलांकडे जेवायला गेल्या. वडिलांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं. दुकान बंद केल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून त्यांनी घरीच एक दुर्बीण बनवली होती. दुर्बीण उत्तम होती, फक्त तिच्यातून जग उलटं दिसायचं. आकाश बघायच्या दुर्बिणी अशाच असतात हे त्यांनी घरात अनेकदा सांगितलं होतं, पण घरच्या माणसांवर असल्या शास्त्राचा परिणाम होत नाही.

"जन्मभर लोकांना सरळ दाखवलं," आई ताटं मांडत म्हणाल्या, "आणि आता घरच्यांना उलटं दाखवतायत. मघाशी बघितलं, समोरच्या बाईंची सगळी धुणी आभाळाला लटकलेली."

बाईंचा घास हातातच राहिला.

"बाबा, उद्या तुमची दुर्बीण द्याल?"

वडील शांतपणे पाणी प्यायले. "दुर्बीण एकटी कुठे जात नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील इस्त्रीचा शर्ट घालून, दुर्बीण तान्ह्या बाळासारखी कवटाळून आले. सभागृहाचं दार उघडं ठेवून दुर्बीण समोरच्या लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला तिच्या तिपाईवर उभी केली. ती चंद्र बघायला बनवलेली. भिंत तिला नाकाला लागल्यासारखी जवळ. नळी सगळी बाहेर ओढली तरी फोटो धूसरच. शेवटी वडिलांनी पुठ्ठ्याची गुंडाळी करून नळीला जोड दिला. समिती रांगेत उभी राहून बघत होती. भिंत तर नुसत्या डोळ्यांनी दिसतेय, मग हे कशाला, असं कोणीतरी पुटपुटलं.

अध्यक्ष वाकले. डोळा लावला.

मग त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. टेकडी. परत डोळा लावला. परत मान वर. पाणी पिणाऱ्या चिमणीसारखं त्यांचं चाललं होतं.

"खड्डा आहे," ते हळूच म्हणाले.

प्रसिद्धीप्रमुखांनीही पाहिलं आणि अक्षरं उलटी दिसतात अशी तक्रार केली. मंजूर फोटोला कोणी हात लावला नव्हता, फिरवला नव्हता, तो जिथल्या तिथे होता, त्यामुळे तेवढी तक्रार करून त्यांनी पुढच्या माणसाला जागा करून दिली. काच फेरफार करते असा संशय समितीला आला नाही. सगळ्यांच्याच नाकावर ती होती.

अध्यक्ष मात्र अजून घुटमळत होते. "दोन्ही मी माझ्याच डोळ्यांनी बघितलं. मग यातलं खरं कोणतं?"

"फोटो काढला तेव्हा सूर्य कोणत्या बाजूला होता, ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "भिंतीवर उजेड खालून येतोय, दुर्बिणीतून वरून. डोळे तेच आहेत, साहेब. डोळ्यांना उजेडाची बाजू सांगावी लागते."

"एवढंच?"

"एवढंच."

अध्यक्ष आत गेले, बसले आणि बाईंच्या खड्ड्यावर सही केली. हात थरथरला नाही. आम्ही सगळे हाताकडेच बघत होतो. मग इतर कामकाज झालं. भिंतीवरचा फोटो सुलटा करण्याऐवजी ही दुर्बीण कॉरिडॉरमध्ये कायमची ठेवावी, असा ठराव प्रसिद्धीप्रमुखांनी मांडला. वडिलांनी दारातूनच सांगितलं की दुर्बीण एकटी राहतही नाही. ठराव बारगळला. फोटो अजून तसाच आहे. पाहुणे आले की टेकडीचं कौतुक करतात.

बाई वडिलांना पोचवायला बाहेर निघाल्या, तेव्हा अध्यक्ष मागोमाग पायऱ्यांपर्यंत आले. दिवस कलायला लागला होता आणि समोरच्या इमारतीच्या वर, निळ्या आभाळात, अर्धा चंद्र फिकट उगवून आला होता.

"यातून तो दिसेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

वडिलांनी पुठ्ठ्याचा जोड काढून खिशात घातला. चंद्रासाठी त्याची गरज नव्हती. दुर्बीण तिपाईवर रोखून ते बाजूला झाले.

"उलटा आहे," अध्यक्ष डोळा लावून म्हणाले.

"उलटाच दिसणार."

"आणि आपला खड्डा?"

बाईंनी कडेची जागा सांगितली, आणि या दुर्बिणीतून तो दिसायचा नाही, हेही. इतका लहान, आणि त्यात कडेला. तिथे यानच जायला हवं. अध्यक्षांनी डोळा काढला नाही. दिसणार नाही असं सांगितलेल्या जागेकडे ते बघतच राहिले, आणि मग तसंच वाकलेलं राहून त्यांनी विचारलं, "उजेड कुठून?"

बाईंनी मावळतीकडे बोट दाखवलं. दुर्बिणीत डोळा घातलेल्या माणसाला ते कसं दिसणार? तेव्हा वडिलांनी आधी दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं, मग अध्यक्षांच्या दोन्ही खांद्यांना धरून, दुकानात गिऱ्हाइकाला आरशासमोर आणायचे तसं, त्यांना हळूच सूर्याच्या बाजूला वळवलं.