हसल्यावर उघडणारं दार

"हसा ताई. आतून हसा."

मैनाने दात दाखवले. समोरच्या यंत्रावरचा लाल दिवा तसाच राहिला, शटर हललं नाही.

"कट. परत घेऊ," दिग्दर्शिका मृणाली म्हणाली.

वळ गावातल्या या गोडाऊनमध्ये मैना एरवी खोकी भरायची. आज सिनेमावाल्यांनी ते भाड्याने घेतलं होतं आणि इथल्याच बायकांना कामगार म्हणून उभं केलं होतं. सिनेमा विनोदी होता. पुढच्या काळातलं एक यंत्र कामगाराचं तोंड बघतं आणि तो खूश दिसला तरच त्याला घरी सोडतं. यंत्र म्हणजे रंगवलेला पुठ्ठ्याचा डबा. दिवा एक माणूस बदलायचा, शटर दुसरा ओढायचा.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या तुळजाचा फोन आला होता. मैनाच्या रीमाला ताप भरला होता, पोर डोळे उघडत नव्हती. तुळजा तिला दवाखान्यात घेऊन निघाली होती.

"मॅडम, मला जाऊ द्या. पोरगी लय आजारी हाय."

"एवढा एकच शॉट, ताई. तुम्ही गेलात तर सकाळपासूनचं सगळं वाया जाईल."

मैनाने गोडाऊनच्या मालकाकडे पाहिलं. भाविकशेठ खुर्चीत बसून शूटिंग बघत होता. उद्या परत त्याच्याकडेच कामाला यायचं होतं.

"आटप की," तो म्हणाला. "हसायचंच तर हाय."

पुन्हा दिवा लाल झाला. मैना डब्यासमोर उभी राहिली. कमरेला खोचलेला फोन थरथरायला लागला. थांबला. परत थरथरायला लागला. तिने पदर मुठीत आवळला आणि मोठ्याने हसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी हसतच राहिली.

दिवा हिरवा झाला. शटर वर गेलं. मागे टाळ्या पडल्या.

उन्हात येऊन तिने फोन कानाला लावला.

"सलाईन लावलंय," तुळजा म्हणाली. "आता डोळे उघडले तिनं. तुलाच बोलावते."

मैना पळतच गेटाकडे निघाली. तोवर भाविकशेठ तिथे येऊन मृणालीशी बोलत उभा होता.

"त्यो डबा खराखुरा बनवून मिळंल काय?"

"शेठ, पुठ्ठा आहे तो. लोकांनी हसावं म्हणून केलाय."

भाविकशेठ हसला नाही.

"आमच्या बाया दिवसभर तोंड पाडून असतात. गेटाला लावला तर बरा हाय."

पावलं ऐकून त्याने वळून मैनाच्या तोंडाकडे पाहिलं.

मैना हसली. त्याच्या पुढून गेली, गेट ओलांडलं, आणि रिक्षात बसेपर्यंत हसतच राहिली.