पेरभर मलम

"हातांवरचं हे रबर काढ आधी," हेडबाई म्हणाल्या.

त्यांची मान बेसिनच्या खोबणीत होती आणि डोळे मिटलेले होते. मी ऐकलं न ऐकलंसं करून नळ जरा मोठा सोडला. गिऱ्हाइकाचं नको ते बोलणं पाण्याच्या आवाजात बुडवायची ही माझी जुनी युक्ती. पण चाळीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईपुढे नळाचं काय चालणार?

"तीन गुरुवार बघतेय. रबराने केस ओढले जातात, आणि डोक्याला हात लागल्यासारखा वाटत नाही."

"नवीन पद्धत आहे बाई. सगळीकडे असंच करतात आता."

"खोटं बोललेलं मला आवाजावरून कळतं."

पलीकडच्या खुर्चीशी माझ्या थोरल्या जाऊबाईंची कात्री थांबली. दुकान आम्हा दोघींचं, दोन खुर्च्यांचं. बावीस वर्षं आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या आहोत, त्यामुळे त्यांची कात्री कशासाठी थांबते हे मला वळून बघावं लागत नाही.

सगळं सुरू झालं दीड महिन्यापूर्वी. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग लाल चट्टे, मग पुरळ. दिवसभर हात शाम्पूत नाहीतर केसांच्या रंगात, होतं असं कधीकधी, म्हणून मी काणाडोळा केला. मग एकदा एका नेहमीच्या बाईंनी आरशातून माझ्या बोटांकडे पाहिलं, "आज धुवायला नको, कोरडेच कापा" म्हणाल्या, आणि त्यानंतर आल्याच नाहीत. केस कापणारीचं सगळं भांडवल तिचे हात. ते असे दिसायला लागले तर आपलं डोकं त्यांच्या हवाली कोण करणार?

तीन दुकानं सोडून औषधांचं दुकान आहे. तिथल्या मुलीने एक सौम्य मलम दिलं, कसं लावायचं तेही समजावून सांगितलं. मागे रांग होती आणि मी "हो, हो" करत होते. हो-हो करणाऱ्या माणसाला किती ऐकू येतं ते मी सांगायला नको. ट्यूबबरोबरचा कागद इतक्या घड्या घातलेला होता की उलगडायचाच कंटाळा आला. मग मी स्वतःची अक्कल चालवली. सकाळी दुकान उघडलं की मलम थापायचं आणि वर रबरी मोजे चढवायचे, ते थेट संध्याकाळी काढायचे. मलम पुसलंही जायचं नाही आणि हात कुणाला दिसायचेही नाहीत. मी स्वतःवरच खूश होते. पहिल्या आठवड्यात फरकही पडला. नंतर मोज्यांत घाम साचायला लागला, खाज दुप्पट झाली, म्हणून मी मलमही दुप्पट केलं.

जाऊबाईंना एकदा ट्यूब सापडली. "स्टिरॉइड आहे गं हे," त्या म्हणाल्या. "कातडीचा कागद होतो याने. फेकून दे आणि डॉक्टरांना दाखव."

"दाखवते ना."

"कधी? हात तुझे असले तरी दुकान दोघींचं आहे."

मी काही गेले नाही. डॉक्टर म्हणाले हे काम सोडा, तर काय करायचं? मला दुसरं काही येत नाही.

तर त्या गुरुवारी मी मोजे काढले. हेडबाई उठून बसल्या. डावा हात त्यांना दोन वर्षांपासून वर नेता येत नाही, म्हणून तर केस धुवायला त्या आमच्याकडे येतात. उजव्या हाताने त्यांनी माझी बोटं धरली. कातडी पाण्यात भिजून राहिल्यासारखी पांढुरकी झाली होती, मधेमधे लालभडक, आणि दोन सांध्यांवर भेगा पडल्या होत्या.

"आजपासून जाऊबाई धुतील तुमचे केस," मी म्हणाले.

"कुणी धुवायचे ते मी ठरवीन." मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, आठवड्यातून एकदा माझ्या डोक्याला माणसाचा हात लागतो. हे गेल्यापासून तेवढाच. तो असा करून ठेवलास होय?"

मला रडू आलं. भेगांमुळे डोळेही धड पुसता येईनात, ते जाऊबाईंनी पुसले, आणि मलमाचं सगळं हेडबाईंना सांगून टाकलं.

"हे मलम दिलं कुणी तुला?" हेडबाई म्हणाल्या. "चल."

ओल्या केसांना आमचा निळा टॉवेल गुंडाळून हेडबाई भरदिवसा रस्त्याने निघाल्या. मागून मी, शिक्षा झालेल्या पोरीसारखी. औषधांच्या दुकानातली मुलगी त्यांना बघून खुर्चीतून ताडकन उठली. ती त्यांची विद्यार्थिनी निघाली.

"हिला तू सांगितलं नाहीस?"

"सगळं सांगितलं होतं बाई."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी टूथपेस्टच्या खोक्यांकडे पाहिलं.

"कागद आण. आणि तू चष्मा लाव. वाच मोठ्याने."

शेहेचाळिसाव्या वर्षी मी भर दुकानात उभी राहून धडा वाचला. मागे दोन गिऱ्हाइकं होती, तीही गुपचूप ऐकत राहिली.

"पातळ थर लावावा."

"तू किती लावत होतीस?"

"जाड."

"पुढे."

"लावलेला भाग हवाबंद झाकू नये..." मी थांबले. "मोजे."

"ताई, मोजे घालत होता वरून?" ती मुलगी म्हणाली. "झाकलं की तेच मलम कितीतरी जास्त आत शिरतं. सौम्य आहे ते मग सौम्य राहत नाही."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका आठवड्यापेक्षा जास्त वापरू नये," मी वाचलं, आणि हेडबाईंनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "तीन झाले."

"म्हणजे आमच्या जाऊबाईंचं बरोबर होतं," मी मुलीला म्हणाले. "हात लावायला नको त्या ट्यूबला."

"तसं नाही ताई. तुमच्या कात्रीला कुणी भितं का? माप चुकलं तर ती कानही कापेल." तिने आपलं बोट पुढे केलं. टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत अंगठ्याने दाखवलं. "एवढीच रेघ पिळायची. पेरभर. दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. चेहऱ्याला लावायचं नाही, भेगांवर लावायचं नाही. पण हे पुढचं झालं. आज ट्यूब बंद, आणि डॉक्टरांकडे जा. आता हे मी दुकानात बसून बघण्यासारखं राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी दुकानाला कुलूप लावलं आणि मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, कशाकशात हात घालते ते विचारलं.

"काम सोडायची गरज नाही," ते म्हणाले.

पुढचं सगळं मी या वेळी मन लावून ऐकलं, आणि जाऊबाईंनी ते लिहूनही घेतलं. दोन आठवडे धुणं आणि रंगवणं बंद. भेगा भरेपर्यंत नुसतं मऊ ठेवणारं साधं क्रीम, वरचेवर. मग लाल उरेल तेवढ्यावरच पेरभर मलम, एक आठवडा, उघड्या हाताला, आणि परत दाखवायला यायचं. पाण्याच्या कामाला सैल मोजे, आत सुती मोजे, आणि काम झालं की लगेच काढायचे.

तीन आठवडे जाऊबाईंनी दोन्ही खुर्च्यांची डोकी धुतली. कंबर धरून कुरकुरल्या, पण कुणाला कारण सांगितलं नाही. एकदा मीच एका बाईंना विचारलं, बोटांवर पुरळ आहे, लागणारं नाही, कापू ना? त्या म्हणाल्या, कापा की, माझ्या मुलीलाही होतं तसं. मी उगाचच इतके दिवस लपवत होते.

मग तिसरा गुरुवार आला. बोटं गुलाबीसर होती, कोरडी होती, पण माझी होती. हेडबाईंचे केस जाऊबाईंनी धुऊन दिले. मी टॉवेलने पुसले आणि फणी घेतली.

"थांब," हेडबाई म्हणाल्या. "हात दाखव."

मी उजवा पुढे केला. त्यांनी तळवा पाहिला, पालथा करून पाहिला, बेचक्या पाहिल्या, आणि शाळेत तपासायच्या तशी नखंसुद्धा पाहिली.

"दुसरा."

तोही पाहून झाला. मग माझा हात त्यांनी आपल्या चांगल्या हाताने उचलला, ओल्या केसांवर ठेवला, आणि डोळे मिटून घेतले.