वेलीखालचं कापड

"काळ्या मातीच्या पोटात, लेकरं गं लाख लाख, नाही दिसत डोळ्याला, तरी त्यांची भूक राख."

जुन्नरच्या मळ्यात भांगलताना आत्या गायची. गाता गाताच ओरडायची, "सुनीती, पाय बघून टाक, खाली बिऱ्हाडं आहेत!"

तीस वर्षं झाली त्याला. आज सातासमुद्रापार, टौरंगा शहराजवळच्या किवीच्या बागेत गुडघे टेकून माती उकरताना सुनीतीला तो आवाज पुन्हा ऐकू आला, अगदी कानाशी.

सुनीती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दोन महिन्यांपूर्वी तिने आपल्या जुन्या सुती साडीचे दोन तुकडे इथे पुरले होते. एक वेलींच्या दोन ओळींमधल्या गवतात. दुसरा वेलींखालच्या उघड्या पट्ट्यात, जिथे बागमालक दीनानाथकाका बारा वर्षं तणनाशक फवारत आले होते. मातीतले सूक्ष्म जीव जागे असले की सुती कापड खाऊन फस्त करतात. एवढी साधी परीक्षा.

आजूबाजूचे सात-आठ बागवाले बघायला जमले होते. त्यात सुशांत. त्याने शेजारची बाग नुकतीच घेतली होती आणि काकांचंच फवारणीचं वेळापत्रक तो उद्यापासून चालू करणार होता.

गवतातून चार चिंध्या निघाल्या. वेलीखालून मात्र तुकडा जसाच्या तसा आला. काठावरची फुलं मोजून घ्यावीत.

"अगं, धुऊन इस्त्री कर, दिवाळीला नेस!" काका म्हणाले. हशा पिकला.

"काका, इथं खायला कुणी उरलंच नाही."

"कापडच चिवट असेल गं! सुशांत, तू नको घाबरू. हिचेच तीन वर्षांचे रिपोर्ट आहेत माझ्याकडे. माती उत्तम, खाली हिची सही. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास!"

"त्या रिपोर्टवरच तर मी ठरवलं," सुशांत म्हणाला.

काका वाकून, दातांतल्या दातांत पुटपुटले, "पुरे आता. पहिली नोकरी कुणाच्या शब्दावर लागली, विसरलीस?"

सुनीती उठली. गुडघ्याची माती तिने झटकली नाही.

"नाही विसरले. म्हणून तर तीन वर्षं तोंड शिवून बसले!" मागे उभे असलेलेही पुढे सरकले, इतका तिचा आवाज चढला. "उद्या लॅबमध्ये सगळं खरं सांगणार आहे. नोकरीवरून काढू देत मला. पण सुशांत, आधी तू ऐक."

"सुनीती!"

"थांबा काका. तुम्ही म्हणालात, गवतातली माती घे, मऊ असते, पटकन होईल. मी गवतातलीच घेतली. तिन्ही वर्षं. वेलीखालची चिमूटभर मातीसुद्धा मी कधी तपासलेली नाही, आणि सही मात्र ठोकली."