सहाशे तेरा वाक्यं

ज्या बाईला मी पहिल्याच भेटीत "तुला जमेलसं वाटत नाही" असं तोंडावर सांगितलं, तिचा विषय निघाला की आज माझे हात आपोआप जोडले जातात. माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि "माप बरोबर आहे, तुमचं पोट वाढलंय" असं गिऱ्हाइकाला सांगायला कधी कचरले नाही. पण तिनं माझ्यासाठी जे केलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमचे हे वायरमन. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला पंधरा दिवस होते. आमच्या लेकीनं घरातल्या कॉम्प्युटरला माईक जोडला आणि एक प्रोग्रॅम टाकून दिला. वाक्यं आधी बोलून ठेवायची. मग यादीतल्या ज्या वाक्यावर माउस दाबाल ते तुमच्याच आवाजात ऐकू येणार. ह्यांनी अकरा दिवस दार लावून वाक्यं भरली. सहाशे तेरा. "चहात साखर कमी आहे" पासून "शेजाऱ्याला म्हणावं रेडिओ हळू लाव" पर्यंत. मधेमधे खोकले होते, तो खोकलासुद्धा तसाच राहिलाय.

लेक दर आठवड्याला फोनवर सांगायची, "आई, त्याची एक कॉपी काढून ठेव." मी म्हणायची, "काढते गं." आणि राहून जायचं.

आता माझा पराक्रम ऐका. ह्यांची शिस्त अशी, की घराबाहेर पडताना भिंतीवरचं एकूण एक बटण बंद. कुठं तरी एकदा बंद घर जळताना पाहिलं होतं, तेव्हापासूनची. दारात उभे राहून विचारायचे, आणि मी "केली" म्हटल्याशिवाय पायात चप्पल घालायचे नाहीत. आवाज गेल्यावरही सुटका नव्हती, कारण तेही वाक्य भरलेलं होतं. त्या दिवशी तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. कॉम्प्युटर ह्यांच्या आवाजात म्हणाला, "सगळी बटणं बंद केलीस ना?" मग ह्यांनी तो बंद करायला घेतला. पडद्यावर कसला तरी अपडेट करू का म्हणून विचारणा झाली, ह्यांनी घाईत हो म्हटलं आणि चप्पल शोधायला गेले. मी बघितलं तर एक पांढरी पट्टी निम्म्यावर येऊन थांबलेली. खाली काहीतरी लिहिलं होतं, पण माझा चष्मा पर्समध्ये. बटणं बंद करायची म्हणजे करायची. भिंतीवरचं बटण मी खटकन खाली केलं.

परत आल्यावर कॉम्प्युटरचा पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला.

कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातला माणूस म्हणाला, "अपडेट अर्धवट राहिलाय. बोर्ड बदलावा लागेल."

"आणि आतलं?"

"डिस्कला कुलूप आहे, त्याची किल्ली याच बोर्डात असते. बोर्ड बदलला की आतलं गेलं समजा." बस चुकली असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. जादा किल्ली म्हणून एक लांबलचक आकडा असतो म्हणे. लेकीनं तो सगळीकडे शोधला. सापडला नाही.

ह्यांनी माझ्यावर चिडायला हवं होतं. चिडले असते तर मी दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. पण हे गप्पच. लिहायला पाटी होती. पहिले दोन दिवस तिच्यावर "पाणी", "दार" असं काहीबाही लिहिलं. तिसऱ्या दिवशी पाटी कपाटावर ठेवून दिली. मग दिवसभर खिडकीशी बसायचे. काही विचारलं की मान हलवायचे, नंतर नंतर तीही नाही. डॉक्टरांनी आवाज काढला तेव्हा मी रडले नव्हते, कारण माणूस वाचला होता. पण आता तोच आवाज मी माझ्या हातानं घालवला होता आणि त्याच्यामागोमाग माणूसही चालला होता.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बाई पस्तिशीची. कपाळावर सरकवलेलं भिंग, टेबलावर अंड्यांचे रिकामे ट्रे आणि त्यांच्या खळग्यांत निरनिराळे स्क्रू. मी खोकं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "मोठ्या ठिकाणी जाऊन आलेय. तुला जमेलसं वाटत नाही, पण बघ."

"मलाही अजून वाटत नाहीये, मावशी," ती म्हणाली. "आधी उघडते तर खरं."

उघडल्यावर तिनं मला भिंगातून एक बारीक चिप दाखवली. आठ पायांची, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. "जागं झाल्यावर पहिलं काय करायचं, ते कॉम्प्युटर इथून वाचतो. अपडेट म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. तुम्ही मधेच वीज घालवलीत. आता तो जागा होतो, पण पुढं काय करायचं ते त्याला सुचत नाही."

आधी तिनं सोपा उपाय केला. कंपनीची फाइल पेन ड्राइव्हवर घातली, पेन ड्राइव्ह लावला, दोन कळा दाबून धरल्या. तीनदा केलं. काही नाही. मग तिनं एक चिमट्यासारखी क्लिप काढली. ती चिपच्या पायांवर बसवायची, दुसरं टोक तिच्या लॅपटॉपला, आणि चिपवर थेट लिहायचं. पण आधी चिपवर जे उरलंय ते वाचून जपून ठेवायचं, कारण या मशीनच्या स्वतःच्या खुणा त्यातच असतात. आणि वाचायचं तेही तीन वेळा.

"तीन कशाला?"

"तिन्ही वेळा अक्षरन् अक्षर सारखं आलं तरच मी लिहायला हात लावते. नाहीतर नाही."

तिनं वाचलं. तिन्ही वेळा वेगळं आलं. चिपचे पाय पुसले, पुन्हा वाचलं, पुन्हा वेगळं. शेवटी ती म्हणाली, "क्लिपची स्प्रिंग सैल झालीय, जराशी हलते. नवीन मागवलीय, आठ दिवसांत येईल. थांबाल?"

"मी थांबेन," मी म्हटलं. "घरी जो बसलाय तो थांबेलसं वाटत नाही." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. गाठ, सहाशे तेरा वाक्यं, भिंतीवरचं बटण, कपाटावरची पाटी. तोवर मी तिला फक्त कॉम्प्युटर बिघडलाय एवढंच सांगितलं होतं.

तिनं भिंग कपाळावर सरकवलं. माझ्या बोटांकडे बघितलं. मग विचारलं, "तुमचा हात कसा आहे?"

"तीस वर्षं सुईत दोरा ओवतेय."

"मग ही क्लिप तुम्ही धरा. दाबायची नाही, नुसती हलू द्यायची नाही. आणि बोलायचं नाही. बोललात की हात हलतो."

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं. दोन बोटांत क्लिप धरून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. नाकाला खाज सुटली, खांद्यात कळ आली, पलीकडे चाव्या बनवणाऱ्याचं यंत्र किरकिरत होतं. एरवी त्याला चार शब्द सुनावले असते. पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. तिनं तिन्ही ताडून पाहिली आणि म्हणाली, "सारखी आली, मावशी. हात तसाच ठेवा." मग तिच्या लॅपटॉपवर पट्टी सरकायला लागली. या वेळी मी चष्मा लावलेला होता. पट्टी निम्म्यावर येऊन थबकली, पण माझी बोटं हलली नाहीत. मग पट्टी शेवटपर्यंत गेली.

तिनं क्लिप काढली, वीज दिली. पंखा फिरला, बंद पडला, आपणहून पुन्हा फिरला. "पहिल्यांदा सगळं तपासून बघतो तो," ती म्हणाली, पण तीही नखं खात होती. पडदा उजळला. आता फक्त कुलपाची भीती होती. किल्ली मागितली तर संपलं. त्यानं मागितली नाही. सरळ उघडला.

सगळ्यात आधी तिनं दोन पेन ड्राइव्हवर कॉप्या काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. मग विचारलं, "एखादं वाक्य लावून बघू?"

"नको. आधी ते ऐकतील."

मला तिला खूप काही सांगायचं होतं. एरवी चुरूचुरू चालणारी माझी जीभ नेमकी तेव्हा अडकली. "मी तुला जमणार नाही म्हणाले होते," एवढंच आलं. ती हसली. "मी तर स्वतःला रोज म्हणते." मी तिचा हात धरला. "पोरी, तू माझं घर मला परत दिलंस गं," म्हटलं आणि तिथंच, त्या अंड्यांच्या ट्रेंपुढं, रडले. तिनं आपलं स्टूल मला दिलं आणि माझं आटपेपर्यंत उभी राहिली. गिऱ्हाइकं येत होती, त्यांना "जरा थांबा" म्हणत होती. या बाईचं ऋण मी या जन्मी विसरायची नाही.

घरी येऊन मी वायरी जोडल्या. हे खिडकीपासून उठले नाहीत. मी खुर्ची नुसती पुढं ओढून ठेवली. बऱ्याच वेळानं येऊन बसले. यादी उघडली. त्यात बोलणी खायची वाक्यं काय कमी होती? "डोकं कुठं असतं तुझं" एकटं तीन प्रकारे भरलेलं होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. जे लावतील ते ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

यादी सरकत राहिली. रागाची सगळी वाक्यं ओलांडून गेली आणि अगदी वर येऊन थांबली. ह्यांनी माउस दाबला.

"अगं, ऐकतेस का?"

लग्न झाल्यापासून ह्यांचं प्रत्येक बोलणं असंच सुरू व्हायचं. पाटीवर ते त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. असलं कोण लिहितं?

"ऐकतेय," मी म्हटलं.

पुढं काही सांगायचं नव्हतं त्यांना. तेच पुन्हा दाबलं. मी पुन्हा म्हटलं, "ऐकतेय." मग पुन्हा.