काकांच्या पाइपची दांडी

घरात सगळे जिला फटाकडी म्हणत, ती पुतणी त्या सकाळी खरोखरच फुटायच्या बेतात होती. डॉक्टरांनी दम भरल्यावर काकांनी आपला जुना पाइप भंगारात टाकला होता आणि तो तिने उचलून आणला होता. खिशात दमडी नव्हती, म्हणून हत्यारं घरचीच: झिजलेला टूथब्रश, बाबांची टूथपेस्ट, स्वयंपाकघरातलं मीठ. तोंडात धरायच्या दांडीवरचा हिरवट थर घासता घासता तिची बोटं सोलवटली. तंबाखूच्या खळग्यात मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडलं, तेव्हा कुठे त्या मिठाने वर्षानुवर्षांचा कुबट वास ओढून घेतला. आता तो पाइप कपाटावर नुसता दिमाखात मिरवायचा होता.

आणि काका तो तोंडात धरून काडेपेटी चाचपत होते.

“काका, हे काय चाललंय?”

“माझाच तर आहे. एकच झुरका गं. इतका स्वच्छ केलायस, आता कसला अपाय?”

“म्हणजे तुमच्या खोकल्याची सोय करायला मी राबले?”

“फटाकडे, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस.”

“घास तुमच्या तोंडात आहे, माझ्या नाही.”

दारात उभ्या काकूने हसू दाबलं.

फटाकडीने पाइप काढून घेतला. इतक्या रागातही तिने हिसका दिला नाही, दांडी हलकेच पिळून सोडवली आणि कंपासपेटीत टाकली. उरलेला पाइप काकांच्या हातावर ठेवला.

“हा घ्या तुमचा. दांडी माझ्याबरोबर शाळेत चाललीये.”