आतल्या बाजूचा बर्फ

गुरुवार, अकरा जुलै. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. तापमान उणे नऊ; दक्षिण गोलार्धात जुलै म्हणजे ऐन हिवाळा. ठिकाण, केअर्नबर्न गावाच्या टोकाला असलेलं नेटी लस्कचं अंगण. हजर माणसं तीन: नेटी, कॉन्स्टेबल रेवी आणि मी. पोलिसांच्या अहवालात या सकाळबद्दल एक ओळ आहे आणि ती खोटी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

नेटीचा नवरा मर्डो तीन हिवाळ्यांपूर्वी अशाच सकाळी नाहीसा झाला. धरणाचं पाणी गोठलं की आमच्याकडे त्यावर दगड घसरवण्याचा खेळ मांडतात; बर्फ माणसांचं वजन पेलेल की नाही हे ठरवायचं काम वीस वर्षं मर्डोकडे होतं. उजाडण्याआधी आपली जुनी पिकअप घेऊन जायचा, गिरमिटाने भोक पाडायचा, बर्फाची जाडी मोजायला पट्टी बुडवायचा आणि घरी येऊन सगळ्यांना फोन करायचा. त्या दिवशी नेटीने अंथरुणातून गाडी गेल्याचा आवाज ऐकला. उठून पाहते तर गाडी अंगणातच उभी, काचेवर बोटभर जाड बर्फ, आणि मर्डो कुठेच नाही.

पोलिसांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो शाळेतल्या मुलालाही शोभला नसता. काचेवरचा बर्फ अखंड, म्हणजे गाडी हललेली नाही. गाडी हललेली नाही, म्हणजे मर्डो धरणावर गेलेला नाही. तेव्हा धरणात पाणबुडे उतरवायचं कारण नाही. माणूस आपल्या मर्जीने निघून गेला. साठीच्या माणसाने पाकीट, औषधं आणि दातांची कवळी घरी ठेवून कुठे जावं, हे मी तीन वर्षं आमच्या साप्ताहिकातून विचारत होतो. जुलैअखेर फाईल बंद होणार होती. नेटीचं मागणं एकच होतं, धरणाचा तळ एकदा बघा. सापडला तर पुरता येईल.

गाडी तिने विकली नाही. बॅटरी शेजाऱ्याने मेंढ्यांच्या विजेच्या कुंपणासाठी काढून नेली, किल्ली पोलिसांच्या मोहोरबंद पाकिटात पडली, आणि त्या न चालणाऱ्या गाडीची काच नेटी प्रत्येक गोठलेल्या सकाळी बाहेरून खरवडून स्वच्छ करत राहिली. गावात त्यावर चेष्टा व्हायची. दुकानदाराने एकदा विचारलं होतं, काय गं, कुठे दौरा? तिने त्याला सांगितलं होतं, "मी कुठली जाते. जायचंय ते त्याला."

या जूनमध्ये तिने मला बोलावून दाखवलं. बंद गाडीत ओल राहते आणि थंडी वाढली की काचेला आतूनही बर्फ धरतो. तो आतला बर्फ ड्रायव्हरच्या बाजूला तळहाताएवढा खरवडलेला होता आणि त्याचा चुरा आत, स्टीअरिंगच्या मागे पडला होता. इथे काच खरवडायला सगळे आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण वापरतात, आणि कोणाचा हात कसा चालतो हे काचेवरून ओळखू येतं. मर्डो डावखुरा. त्याच्या झाकणाचा टवका उडालेला होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यात दोऱ्याएवढी रेघ सुटायची. ती रेघ तिथे होती. मी दारं तपासली. चारी बाजूंनी गोठून बसलेली. पुढच्या सकाळी भोक थोडं मोठं झालं होतं, त्याच्या पुढच्या सकाळी आणखी.

रेवीला आणायला मला तीन आठवडे लागले. मर्डो गेला त्या दिवशी पंचनामा त्यानेच केला होता. तो आला तो कुरकुरतच.

"आँटी, या म्हाताऱ्या बातमीदाराच्या नादी लागू नकोस. याला मथळा हवाय."

"हवाच आहे," मी म्हणालो. "तुझ्या साहेबांनी तीन वर्षांत एक तरी दिला का?"

"भांडा नंतर," नेटी म्हणाली. "त्याची वेळ झाली."

धुकं इतकं खाली उतरलं होतं की कुंपणाच्या तारा त्यातूनच विणल्यासारख्या वाटत होत्या, आणि प्रत्येक तारेवर वीतभर लांब बर्फाची पांढरी पिसं उगवली होती. चाकं आणि गवत एकाच बर्फात गोठून एकजीव झाली होती. नेटीने खिशातून आपलं झाकण काढलं आणि बाहेरचा बर्फ खरवडायला सुरुवात केली, सावकाश, वरून खाली, कपाट पुसावं तशी. बाहेरची काच मोकळी झाली तेव्हा आतला बर्फ दिसू लागला, ड्रायव्हरच्या बाजूला कालचं भोक.

मग ते भोक धुरकटलं. आत कोणी श्वास सोडावा तसं. आणि पुसलं गेलं.

त्यानंतर जे झालं ते मी चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायला मिळावं असं मला वाटतं, हे कबूल करतो. आतल्या बर्फावर वरून तिरका एक फटकारा उतरला, मध्ये बारीक रेघ सोडत. दुसरा. तिसरा. नेटीने आपला हात बाहेरून त्याच्या बरोबरीने चालवला, तो थांबला की थांबवला. आवाज तिच्याच झाकणाचा येत होता, दुसरा नाही. भीती वाटली नाही. देवळात कोणाची प्रार्थना चालू असताना आपण आत शिरलो तर पाय आपोआप हळू पडतात, तसं झालं. रेवीने टोपी काढून छातीशी धरली होती.

शेवटचा कोपरा स्वच्छ झाला आणि हात थांबला. आत रिकामी सीट होती.

"दिसतंय ना रे आता?" नेटीने काचेला विचारलं. मग ती घरात चहा टाकायला गेली.

रेवी बॉनेटवर वाकून आत बघत राहिला. त्याने खिशातून जुनी वही काढली, पानं उलटली, पुन्हा आत पाहिलं आणि वही माझ्या हातात दिली. पंचनाम्याच्या दिवशी त्याने गाडीचा किलोमीटरचा आकडा उतरवला होता: दोन लाख चौदा हजार तीनशे सहा. आत वेगाच्या काट्याखाली, साध्या फिरत्या आकड्यांत, शेवटी आता तीनशे पंचवीस होते. मी दोन्हींचे फोटो काढले.

रेवीने सगळं लिहून पाठवलं. वरून अहवाल दुरुस्त होऊन आला: काचेवरचा बर्फ उन्हाने वितळला. मी साहेबांना फोन केला. आकडा वाचताना पूर्वी चूक झाली असेल, ते म्हणाले. फाईल एकतीस जुलैला बंद झाली. धरणात अजून कोणी उतरलेलं नाही.

नेटीच्या अंगणापासून धरण एकोणीस किलोमीटर आहे. गाडी अंगणातच आहे. परतीचे एकोणीस त्या आकड्यात नाहीत.